एकशेदहाचा डबा

सिराजोद्दीनभाईंबद्दल मी लिहावं इतकी मला त्यांची माहिती नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. त्यांचं दुकान जाफराबादच्या बसस्टँडसमोर होतं आणि मी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. मधे फक्त रस्ता. चौऱ्याऐंशी साली मी तिथे बदलून आलो, तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत ते मला जवळजवळ रोज दिसत होते. पण त्यांच्या वडिलांचं नाव मला माहीत नाही. हे काम ते कुणाकडे शिकले, तेही मी कधी विचारलं नाही. मी मुळात कमी बोलणारा, आणि त्यांनाही कामापलीकडे बोलायची सवय नव्हती. जन्मभर मी गाड्या आल्या-गेल्याच्या वेळा लिहिल्या. माणसाबद्दल कसं लिहितात ते मला ठाऊक नाही. पण त्यांच्याबद्दल दुसरं कोणी लिहील असं दिसत नाही.

दुकानाच्या पाटीवर ‘रेडिओ-टेप दुरुस्ती’ असं होतं, पण लोक त्यांना पिनवाला सिराज म्हणायचे. त्याचं कारण असं की त्या वर्षांत आमच्या तालुक्यातली बरीच पोरं जिद्दा, रियाधकडे कामाला जात होती. कोणी ड्रायव्हर, कोणी गवंडी, कोणी नुसता हमाल. दोन-तीन वर्षांनी सुट्टीवर येताना ती टेपरेकॉर्डर, इस्त्री, मिक्सर असं काहीबाही घेऊन येत. त्या वस्तूंच्या पिना चपट्या असायच्या, आपल्या गोल भोकात जायच्या नाहीत. आणि पिन बदलून लावली, तर वस्तू जळायची. कारण तिकडची लाइट एकशेदहाची आणि आपली दोनशेवीसची.

यावर सिराजभाईंनी दोन उपाय काढले होते. पिनेसाठी जुन्या बटणांमधल्या पितळी पट्ट्या कापून ते जोडपिना बनवत, एका अंगाला चपटी, दुसऱ्या अंगाला गोल. आणि लाइट निम्मी करण्यासाठी डबा. पत्र्याच्या डब्यात लोखंडी पट्ट्यांवर तांब्याची तार गुंडाळलेली, बाहेर एक बटण, एक दिवा आणि एक गोल खुंटी. आमच्याकडची लाइट कधी चढती, कधी उतरती, म्हणून खुंटी फिरवून जोर कमी-जास्त करता यायचा. याला सगळे एकशेदहाचा डबा म्हणायचे. दुकानाच्या भिंतीवर त्यांनी एक फळी ठोकली होती. तिच्यावर देशोदेशीची सॉकेटं बसवली होती, चपटी, चौकोनी, तिरप्या पट्ट्यांची. कोणी परदेशी निघालं की ते फळीपाशी नेऊन दाखवायचे, तुझ्या मुलखात भिंतीला असं तोंड असंल, त्याला ही पिन लाव. स्वतः औरंगाबादच्या पलीकडे गेलेले नव्हते.

बोलायचे तेव्हा मात्र मजेशीर बोलायचे. एकदा एकानं डबा न घेता नवाकोरा टेप सरळ भिंतीला लावला आणि धूर काढून आणला. सिराजभाई त्याला म्हणाले, “पावना हाये रे हा. पावन्याला घरात आल्या आल्या मिरचीचा ठेचा चारतो का कोनी?”

“मला वाटलं टेपच तर हाये, काय होतंय.”

“आता काय होतंय ते वास घेऊन पाहा.”

हसनाबादचा सर्जेराव जिद्दाला ट्रक चालवून परत आला, तेव्हा त्यानं टेबलफॅन आणला होता. सिराजभाईंनी त्याला डबा करून दिला. आठवडाभरानं तो फॅन खांद्यावर घेऊन परत. “मास्तर, वारंच लागंना. तिकडं झोपू देत नव्हता, इतका पळायचा. इथं आल्यावर म्हातारा झाला जनू.”

“लाइट डिम हाये तुमच्या गावात,” सिराजभाई म्हणाले. “फॅन काय करील?”

“मंग तुमच्या गावात लावून दाखवा.”

लावला. तसाच रमतगमत फिरला. “आमच्याबी गावात डिमच हाये,” सिराजभाई म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसलो. आमच्याकडे काहीही मंद चाललं की लाइट डिम आहे असंच म्हणतात, आणि बहुतेक वेळा ते खरंच असतं. ही गोष्ट मी मुद्दाम लिहितो आहे, ती पुढे लागेल.

दुकानाच्या मागेच त्यांचं घर होतं. घरात ते आणि मैमूनाभाभी. एकच मुलगी, ताहेरा, ती जालन्याला दिलेली. भाभींना दमा होता. उन्हाळ्यात त्या ठीक असायच्या. पण दिवाळी झाली, कापूस निघाला, कापसाच्या गाड्या स्टँडवरून जायला लागल्या, रस्त्यावर, तारांवर, झाडांवर कापूस लटकायला लागला, की त्यांचा श्वास अडकायचा. गाड्यांची वर्दळ थांबली की दुकानामागून येणारा तो आवाज मला स्टँडवरच्या माझ्या खोलीत ऐकू यायचा. बारीक शिट्टीसारखा. मग सिराजभाई हातातलं काम ठेवून आत जायचे. आत जाऊन काय करत होते कोण जाणे. पाठ चोळत असतील.

भाभी मला बद्रीभाई म्हणायच्या. माझं नाव बद्रीनाथ. ईदला शीरखुर्मा घेऊन स्वतः रस्ता ओलांडून यायच्या आणि खोलीच्या पायरीवर बसून आधी दम घ्यायच्या. एकदा मी म्हटलं, “भाभी, पाठवून द्यायचा कुणाच्या हाती.”

“तुमच्या गाड्या वेळेवर येत न्हाईत, मी तरी येते ना?” असं त्या म्हणाल्या. बोलताना दोनदा थांबल्या, तरी म्हणाल्या.

त्र्याण्णव साली जावई जिद्दाहून सुट्टीवर आला. सासूसाठी त्यानं एक मशीन आणलं होतं. दम्याचं मशीन. जालन्याच्या दवाखान्यात तसं होतं, आमच्याकडे कोणी पाहिलेलं नव्हतं. पांढरा ठोकळा, त्याला नळी, नळीला तोंडावर धरायचा प्लास्टिकचा वाडगा. त्यात औषधाचं पाणी टाकलं की धुकं होऊन श्वासात जायचं. डॉक्टर म्हणाले, हे घरात असलं तर अर्धी काळजी मिटली. अर्थात ते एकशेदहाचं होतं.

त्या डब्यासाठी सिराजभाईंनी जितका वेळ घेतला तितका कुठल्याच डब्यासाठी घेतला नसेल. तार नवी आणली. गुंडाळताना कुणाशी बोलत नव्हते, गिऱ्हाइकाला हातानं थांब म्हणत होते. डब्याला हिरवा रंग दिला. लावायच्या दिवशी मलाही बोलावलं. मी दोन गाड्यांच्या मधल्या वेळात गेलो. दारात शेजारपाजारचे उभे. सिराजभाईंनी मीटर लावून पाहिलं, बरोबर एकशेदहा. मशीन सुरू केलं. ते घरघरलं, नळीतून धुकं आलं, पण अगदी थोडं. विस्तवावर पाणी शिंपडल्यावर उठतं तेवढं.

जावई म्हणाला, “तिकडं दुकानात दाखवलं तेव्हा भकाभका निघत होतं.”

दारातून कोणीतरी म्हणालं, “लाइट डिम असंल.”

तेव्हा गव्हाला पाणी द्यायचे दिवस होते, सगळ्या शिवारात मोटारी चालू. लाइट डिम असणारच. सिराजभाईंनी मीटरकडे पुन्हा पाहिलं. मीटर एकशेदहाच दाखवत होतं. मी तिथे होतो, मी पाहिलं. “मीटर जुनं झालं,” ते म्हणाले, आणि डब्याची खुंटी पुढे केली. धुकं वाढलं. आणखी पुढे केली. मग भकाभका निघालं. भाभींनी वाडगा तोंडाला लावला. काही वेळानं त्यांनी तो काढला आणि एक पुरता श्वास घेतला. शिट्टी वाजली नाही. सिराजभाई खुंटीवरचा हात काढायला विसरले होते.

त्यानंतरचे काही आठवडे बरे गेले. भाभी बाहेर बाजेवर बसून गहू निवडताना दिसायच्या. एकदा तर सिराजभाईंवर ओरडताना रस्त्याच्या अलीकडे ऐकू आल्या, आणि मला बरं वाटलं. ओरडायला श्वास लागतो. जावई परत गेला. मशीन सकाळ-संध्याकाळ चालायचं. ते फार तापतं असं सिराजभाई एकदा म्हणाले होते. वर ओलं फडकं ठेवतो म्हणाले.

मग एका दुपारी जळका वास रस्ता ओलांडून आला. तसा वास त्या दुकानातून नेहमीच यायचा, म्हणून मी उठलो नाही. संध्याकाळी कळलं, भाभींचं मशीन जळलं होतं.

सिराजभाईंनी ते खोललं. आत मोटार अशी नव्हतीच, म्हणाले, काहीतरी मागेपुढे थरथरतं, त्यावर पंप चालतो. दोन दिवस त्यांनी दुसरं काम घेतलं नाही. मग मशीन टॉवेलात बांधून पहाटेच्या गाडीनं औरंगाबादला गेले. मीच कंडक्टरला सांगून पुढची जागा दिली. दिवस मावळताना परत आले. घरी न जाता आधी माझ्या खोलीत आले आणि बाकावर बसले. टॉवेल मांडीवर.

“बद्रीभाऊ, त्याच्यावर लिवलेलं होतं.”

“काय लिहिलेलं होतं?”

“साठ.” त्यांनी टॉवेलाची गाठ आवळली. मग म्हणाले, “तिकडची लाइट सेकंदाला साठ हेलकावे खाती. आपली पन्नास. डब्यानं जोर कमी होतो, हेलकावे तेवढेच राह्यतात. ते मशीन आपल्या लाइटीवर मंद चालनारच होतं. जोर बराबर होता. मीटर बराबर होतं. म्या जोर वाढवून जाळलं.”

“तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं ना.”

“एकशेदहाच्या शेजारी लिवलेलं होतं. सगळ्यावर असतं. म्या पह्यला आकडा वाचायचो अन् सोडून द्यायचो. टेपला चालून गेलं, इस्तरीला चालून गेलं.”

“सर्जेरावचा फॅन?” मी विचारलं. का विचारलं कुणास ठाऊक.

“तोबी,” ते म्हणाले. “डिम नव्हतीच लाइट.”

मशीन आता नीट होण्यासारखं नव्हतं. आतलं रबर वितळलं होतं, ते इकडे मिळत नव्हतं, आणि मिळालं तरी आपली लाइट पन्नासचीच. जावई पुढच्या सुट्टीला येईल तेव्हा दुसरं पाहायचं, तोवर भाभींनी जालन्याला ताहेराकडे राहायचं. तिथे दवाखाना जवळ होता, तिथलं मशीन मिळालं असतं. हे सिराजभाईंनीच ठरवलं. “आज घरी सांगतो,” म्हणाले. उठले, टॉवेल काखेत घेतला आणि गेले.

सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पाहतो तर मशीन दुकानात खोलून ठेवलेलं आणि सिराजभाई पेचकस घेऊन त्याच्यापुढे बसलेले. मला वाटलं, काही मार्ग निघाला असेल. जाऊन विचारलं.

“न्हाई,” ते हळूच म्हणाले. आतल्या दाराकडे पाहिलं. “सांगायला गेल्तो. तिनं चहा आनून ठेवला अन् म्हनली, पार्ट भेटला का, आता जोडता का. मंग तोंडच उघडंना.”

“तुम्ही बोला. नाहीतर ताहेराला बोलू द्या.”

“बोलतो. आज बोलतो.”

मशीन बंद पडल्याचं कळून ताहेरा आईला न्यायला आली. पोरीनं पिशवी भरूनही ठेवली होती. भाभी निघाल्या नाहीत. बाजेवर दोन्ही हात टेकून, खांदे वर करून बसल्या होत्या, तसं बसल्यावर त्यांना जरा हवा मिळायची. मी रस्त्यावरून चाललो होतो. मला थांबवून म्हणाल्या, “बद्रीभाई, तुम्हीच सांगा हिला. सगळ्या तालुक्याचे मशीन... यांनी उठवून दिले. माझं एक... उठवनार न्हाईत का?”

मी सिराजभाईंकडे पाहिलं. ते पेचकसाचं टोक पुसत होते. ताहेरा म्हणाली, “अब्बा, होतंय का दोन दिसात? होत असंल तर मी इथंच राह्यते.”

“करून राह्यलो ना,” सिराजभाई म्हणाले.

ताहेरा दोन दिवस राहिली आणि सासरहून निरोप आला म्हणून गेली. सिराजभाई रोज मशीन खोलत होते आणि रोज बंद करत होते. आत जाऊन भाभींना काय सांगत होते मला माहीत नाही. ते मशीन जळलं याचं त्यांना दुःख होतं की आपल्याला जमत नाही हे भाभींपुढे बोलणं अवघड होतं, हे मला आजही सांगता येत नाही. मी सांगतो तसं नसेलही. भाभी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, जिद्दाचा माल नाजूक असतो, यांच्या हाताला काही कमी नाही.

संक्रांत झाली होती. थंडी होती. सकाळी सिराजभाई धावत स्टँडवर आले. जालन्याची गाडी नुकतीच सुटली होती. वडाप जीप उभी होती, माणसं भरायची वाट बघत. मी ड्रायव्हरला सांगून बसलेली माणसं खाली उतरवली. कोणी कुरकुर केली नाही. भाभींना दोघांनी धरून आणलं. ओठ निळे झाले होते. सिराजभाई शेजारी बसले. मांडीवर टॉवेलात बांधलेलं मशीन.

“हे कशाला?” मी विचारलं.

“तीच म्हनली घ्या. तिथं दवाखान्यात कोनी जाननारा असंल तर दाखवू म्हनली.”

जीप अर्ध्या वाटेवरून परत आली. कापसाच्या गाड्यांमागे अडकत अडकत आली असावी, कारण छतावर, आरशावर सगळीकडे कापूस चिकटलेला होता.

मातीला मी गेलो होतो. मूठभर माती टाकून स्टँडवर परत आलो.

दुकान त्यांनी बंद केलं नाही. चाळीस दिवसांची फातेहा झाल्यावर उघडलं. भिंतीवरची सॉकेटांची फळी काढून टाकली होती. तिच्या जागी भिंतीचा जुना रंग तेवढा चौकोन उठून दिसायचा. एकदा बांगड्यावाले लालमियाँ आले. त्यांचा पोरगा रियाधहून आला होता.

“सिराजभाई, एक डबा बनवून दे. पोरानं मिक्सर आनलाय.”

“जालन्याला तयार भेटतो.”

“तयार घेऊन काय करू? तुझ्या हातचा पायजे. बीस साल चलता तुझा डबा.”

“माझ्या हातचा नको.”

“अरे, नाराज हाये का माझ्यावर?”

“न्हाई, लालमियाँ.” सिराजभाई उठले, आतून तयार असलेले दोन-तीन जुने डबे आणले, आणि ते लालमियाँला न देता त्यांच्यादेखत पक्कडीनं तारा कापल्या. लालमियाँ तोंड उघडं ठेवून बघत राहिले. बोलणं लालमियाँनी मला नंतर सांगितलं, बाकी समोरून सगळं दिसत होतं. हिरवा डबा त्यांत होता की नाही, ते इतक्या लांबून कळलं नाही.

नंतर ते फक्त बारीक कामं करायचे. होल्डर बदलणं, इस्त्रीची वायर, बॅटरीचा सेल. परदेशी निघालेली पोरं आली तर मान हलवायचे. हळूहळू पोरं यायची बंद झाली. पुढे कुठलाही जोर चालेल अशीच मशीनं निघाली आणि सगळ्या देशांची एकच जोडपिन बाजारात मिळायला लागली, म्हणतात. ते सगळं सिराजभाईंनी पाहिलं असेल. ताहेरानं जालन्याला या म्हणून पुष्कळदा बोलावलं, ते गेले नाहीत. दुपारी दुकानात नुसते बसलेले असायचे. हातात मीटर असायचं. ते भिंतीच्या सॉकेटात घालायचे, आकडा बघायचे, काढायचे. थोड्या वेळानं पुन्हा घालायचे.

दोन हजार साली मी निवृत्त झालो आणि वाटूरला माझ्या घरी आलो. त्यानंतर वर्षभरात ते गेले. मला एका ओळखीच्या कंडक्टरनं वाटूर फाट्यावर सांगितलं, आणि गाडीची वेळ झाली म्हणून तो गेला. कशानं गेले, हे विचारायचं राहून गेलं.

निवृत्तीच्या थोडे दिवस आधी स्टँडच्या लाउडस्पीकरची पिन तुटली होती. ती घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. ते शेवटचं. त्यांनी नवी पिन लावली, तार खेचून पाहिली, पेच पुन्हा आवळला. मी चालू करून पाहण्यासाठी भिंतीकडे हात केला.

“लाइट गेली आता,” ते म्हणाले. “आली की तिकडंच लावून पाहा.”

“बरं.”

“न्हाई चाललं तर घेऊन या.”

“आणतो. येऊ का मग?”

“या.”